आमदार-खासदारांचे शेअर्स आणि त्यांचे निर्णय: हितसंबंधांचा संघर्ष कागदोपत्री कसा तपासायचा

उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रातून बातमी होते ती एकूण संपत्तीच्या आकड्याची. हितसंबंध तपासणाऱ्याला त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. एका आमदाराकडे शंभर कोटींची वडिलोपार्जित जमीन आहे आणि दुसऱ्याकडे एका खासगी कंपनीचे फक्त एक लाखाचे शेअर्स आहेत. ती कंपनी दुसऱ्याच्या मतदारसंघात सरकारी रस्ते बांधत असेल, तर आधी त्याचे कागद उघडावेत. शोधायच्या गोष्टी तीन: मालकी कोणाची, निर्णयावर हात कोणाचा, आणि दोन्हींच्या तारखा जुळतात का. यातली एकही बाजू रिकामी असेल, तर हातात असते ती शंका.

संगणकावर एक तक्ता करा. रकाने असे ठेवा: व्यक्ती, नाते, कंपनी, मालकीचा प्रकार, किती, कोणत्या तारखेला, सरकारी निर्णय, निर्णयाची तारीख, निर्णयात भूमिका, आणि पुरावा असलेल्या कागदाचे नाव व पान क्रमांक. शेवटचा रकाना पहिल्या दिवसापासून भरा. नंतर शोधू म्हटले की तो सापडत नाही.

कायदा कुठपर्यंत जातो

लोकप्रतिनिधीने शेअर्स बाळगायला भारतात बंदी नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ९-अ सरकारशी स्वतःच्या धंद्याचे चालू कंत्राट असलेल्याला अपात्र ठरवते. पण कंत्राट कंपनीच्या नावावर असेल, तर कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती असते आणि तिचा नुसता भागधारक या कलमात अडकत नाही. बहुतेक प्रकरणे याच फटीत बसतात, म्हणून ‘बेकायदा’ आणि ‘हितसंबंधांचा संघर्ष’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

मंत्र्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची आचारसंहिता आहे आणि ती केंद्र व राज्य दोन्हीकडच्या मंत्र्यांना लागू आहे. तिच्यानुसार मंत्र्याने पद घेण्यापूर्वी स्वतःच्या व कुटुंबाच्या मालमत्तेची आणि धंद्यांची माहिती पंतप्रधानांना किंवा मुख्यमंत्र्यांना द्यायची, धंद्याच्या कारभारातून बाहेर पडायचे, आणि तो धंदा प्रामुख्याने त्याच सरकारच्या परवान्यांवर, कोट्यावर किंवा भाडेपट्ट्यांवर चालत असेल तर मालकीही सोडायची. दोन पळवाटा त्याच मजकुरात आहेत. मालकी आणि कारभार पती किंवा पत्नी वगळता, त्या धंद्याशी आधीपासून संबंध असलेल्या दुसऱ्या सज्ञान नातेवाइकाकडे देता येतो. आणि पब्लिक लिमिटेड कंपनीतले शेअर्स सोडायची गरज नाही, जोवर पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री त्या मालकीला अडचणीची मानत नाहीत. मंत्र्याचा भाऊ किंवा सज्ञान मुलगा ज्या कंपनीत संचालक आहे, तिच्यापासून सुरुवात का करायची हे यावरून कळेल.

पायरी १: प्रतिज्ञापत्र मिळवणे

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता जाहीर करावी लागते. त्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राचा ठरलेला नमुना म्हणजे नमुना २६. निवडणूक आयोगाच्या शपथपत्र पोर्टलवर निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की स्कॅन केलेली प्रत उतरवता येते. मायनेता या संकेतस्थळावर तीच माहिती तक्त्यात मांडलेली मिळते. शोधाला ती उत्तम, पण आकडा उद्धृत करायचा तो मूळ स्कॅनमधूनच. हस्ताक्षरातले शून्य किंवा स्वल्पविराम चुकीचा वाचला गेला की लाखाचे दहा लाख होतात.

एकाच उमेदवाराच्या नावावर दोन-तीन प्रतिज्ञापत्रे दिसली तर गोंधळू नका. त्रुटी दुरुस्त करून सुधारित प्रत दिलेली असते. सगळ्या उतरवून घ्या आणि त्यांच्यात काय बदलले ते पाहा. पहिल्या प्रतीत नसलेली कंपनी दुसऱ्या प्रतीत आली असेल, तर तिची स्वतंत्र नोंद करा. आधीच्या निवडणुकांची प्रतिज्ञापत्रेही घ्या. एका प्रतीवरून फक्त एका दिवसाची स्थिती कळते.

पायरी २: नमुना २६ वाचणे

शेवटचा गोषवारा वगळून थेट जंगम मालमत्तेच्या तक्त्यावर जा. तिथे उमेदवार, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती असे वेगवेगळे रकाने असतात. सर्व रकाने वाचा. कुटुंबाचा मुख्य धंदा अविभक्त कुटुंबाच्या रकान्यात असणे मुळीच दुर्मीळ नाही.

शेअर्स, रोखे आणि म्युच्युअल फंड एकाच ओळीत येतात. प्रत्येक गुंतवणूक स्वतंत्र दाखवावी असे नमुन्यातच म्हटले आहे. ‘विविध कंपन्यांचे शेअर्स, ३२ लाख’ अशी एकत्रित नोंद दिसली तर ती अपुरी आहे, हे तक्त्यात लिहा. मोठ्या, अनेक क्षेत्रांत पसरलेल्या म्युच्युअल फंडावर वेळ घालवू नका, कारण त्यातल्या कंपन्यांची निवड त्या व्यक्तीच्या हातात नसते. एकाच क्षेत्राचा फंड असेल आणि ती व्यक्ती त्याच खात्याची मंत्री असेल, तर मात्र थांबा.

मूल्याचा नियम असा: सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीचा शेअर चालू बाजारभावाने, असूचीबद्ध कंपनीचा पुस्तकी किमतीने (हिशेबाच्या वहीप्रमाणे). दोन्हीकडे घोटाळा होतो. समजा, नोंद आहे ‘५,००० शेअर्स, ५०,००० रुपये’. भागाकार केला तर शेअर दहा रुपयांचा. भागाकार बरोबर दहा, पाच, दोन किंवा एक आला, तर बहुधा दर्शनी किंमत (शेअरवर लिहिलेली मूळ किंमत) लिहिलेली आहे. कंपनी सूचीबद्ध असेल तर प्रतिज्ञापत्रावरच्या तारखेचा बाजाराचा बंद भाव घेऊन खरे मूल्य काढा.

आता सगळ्यात जास्त निसटणारी ओळ: ‘दिलेली वैयक्तिक कर्जे व आगाऊ रकमा’. ही शेअर्सच्या ओळीपासून दोन ओळी खाली असते. एखाद्याचे कंपनीत एक लाखाचे शेअर्स असतात आणि त्याच कंपनीला त्याने चार कोटींचे कर्ज दिलेले असते. कंपनीला कंत्राट मिळाले तर ते कर्ज परत येणार, न मिळाले तर बुडणार. त्या माणसाचे खरे हित कर्जात असते. म्हणून शेअर्सची ओळ, कर्जाची ओळ आणि पुढच्या पानांवरची दायित्वे (देणी) या तिन्हींतली कंपन्यांची नावे एकत्र करा. दायित्वांत एखाद्या बांधकाम किंवा वीज कंपनीकडून घेतलेली बिनतारणी उसनवारी दिसली, तर ती कंपनी या व्यक्तीची सावकार आहे. तिच्यावरही एक ओळ खर्च करा.

पुढे उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटे यांचा भाग येतो. उमेदवार, पती किंवा पत्नी आणि अवलंबित यांची स्वतःची कंत्राटे, त्यांच्या भागीदारी संस्थांची, आणि ज्या खासगी कंपन्यांत त्यांचे शेअर्स आहेत त्यांची कंत्राटे इथे लिहावी लागतात. या रकान्यांत बहुतेक वेळा ‘निरंक’ असते. ते ‘निरंक’ खरे आहे का, हे तपासणे हाच पुढच्या दोन पायऱ्यांचा बराचसा हेतू आहे.

अवलंबित म्हणजे ज्याला स्वतंत्र उत्पन्न नाही आणि जो उपजीविकेसाठी उमेदवारावर अवलंबून आहे. कमावता मुलगा, विवाहित मुलगी, भाऊ, सून यांचे शेअर्स या नमुन्यात येतच नाहीत. अमेरिकेचे प्रतिनिधीगृह सदस्य ख्रिस कॉलिन्स यांच्या खटल्यात नेमके हेच दिसले. ज्या कंपनीत दोघांचेही शेअर्स होते, तिच्या औषधाची चाचणी फसल्याची अप्रसिद्ध बातमी त्यांनी २०१७ मध्ये मुलाला फोनवर दिली. शेअर्स मुलाने विकले, कॉलिन्स यांनी स्वतःचा एकही विकला नाही. २०१९ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांना २६ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. फक्त त्यांच्या खात्याकडे पाहणाऱ्याला काहीच सापडले नसते.

पायरी ३: सूचीबद्ध कंपनीतली मालकी

मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक सूचीबद्ध कंपनीचा भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला येतो. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत तो द्यावा लागतो. त्यात प्रवर्तक (कंपनी उभारणाऱ्या किंवा तिच्यावर ताबा असलेल्या) गटातल्या प्रत्येकाचे नाव असते, हिस्सा कितीही लहान असो. इतर भागधारकांपैकी एक टक्का किंवा जास्त हिस्सा असलेलेच नावानिशी दिसतात. त्यामुळे राजकीय कुटुंब प्रवर्तक असेल तर तिमाहीगणिक बदल कळतो. साधा गुंतवणूकदार असेल तर प्रतिज्ञापत्राखेरीज काही हाती लागत नाही. प्रवर्तकांनी किती शेअर्स तारण ठेवले आहेत, हेही याच तक्त्यात कळते. तारण जास्त असेल तर कंपनीचा भाव टिकवण्याची निकड मोठी, आणि त्या काळातल्या सरकारी निर्णयांकडे जास्त काळजीने पाहावे लागते.

दोन प्रतिज्ञापत्रांची तुलना करताना होणारी नेहमीची चूक म्हणजे भाववाढ ही नवी खरेदी समजणे. समजा, २०१९ मध्ये १०,००० शेअर्स होते, मूल्य ४० लाख. २०२४ मध्ये ५०,००० शेअर्स, मूल्य १ कोटी १० लाख. संख्या पाचपट झाली म्हणून खरेदी केली असे लिहून मोकळे होऊ नका. मधल्या काळात दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांच्या पाच शेअर्समध्ये विभाजन झाले असेल, तर त्या माणसाने एकही नवा शेअर घेतलेला नाही. बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर्स), विभाजन, विलीनीकरण आणि कंपनीचे दोन तुकडे होणे या चारही गोष्टी बाजाराच्या संकेतस्थळावर तारखेसह दिसतात. त्या पाहिल्याशिवाय संख्येबद्दल एक वाक्यही लिहू नका.

पायरी ४: खासगी कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्था)

मुख्य काम इथे आहे. एक लाख रुपयांच्या भागभांडवलाच्या कंपनीकडे कोट्यवधींची जमीन असू शकते आणि प्रतिज्ञापत्रात दिसेल फक्त एक लाख.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर खाते उघडा. कंपनीचे नाव टाकले की नोंदणी क्रमांक, पत्ता, भागभांडवल आणि स्थिती फुकट दिसते. एका कंपनीचे सार्वजनिक दस्तऐवज पाहायला १०० रुपये शुल्क आहे. त्यातून वार्षिक विवरणपत्र, म्हणजे एमजीटी-७ किंवा लहान कंपन्यांचे एमजीटी-७ए, आणि ताळेबंदाचा एओसी-४ उतरवून घ्या. पहिल्यात संचालक, भागधारणा आणि उपकंपन्या कळतात. दुसऱ्यात उत्पन्न कुठून आले, कर्ज कोणाचे आहे आणि ‘संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार’ ही टीप असते. ती टीप वाचायची म्हणजे वाचायचीच. संचालकाचे कर्ज, नातेवाइकांच्या कंपनीला दिलेली रक्कम, कुटुंबाच्या इमारतीचे भाडे, सगळे तिथे सापडते.

भागधारकांत व्यक्तीऐवजी दुसरी कंपनी दिसली, तर तिचेही कागद काढा. दोन-तीन पायऱ्या वर गेल्यावर माणूस भेटतो. कंपनीच्या पानावरचा तारणांचा भागही उघडा. कोणत्या बँकेने कधी किती कर्ज दिले ते तिथे असते. सरकारी किंवा जिल्हा सहकारी बँक असेल आणि ती व्यक्ती त्या बँकेवर प्रभाव असलेल्या पदावर असेल, तर ही एक वेगळी, स्वतंत्र नोंद ठरते.

नामसाधर्म्याचा धोका इथे सर्वांत मोठा. एकाच नावाचे अनेक संचालक असतात. संचालकाचा ओळख क्रमांक, वडिलांचे नाव आणि प्रतिज्ञापत्रातला कंपनीचा उल्लेख, यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय नाव तक्त्यात पक्के करू नका. राजीनामा दिलेल्या संचालकाची तारीखही पाहा. पद घेण्याआधीच कारभार सोडलेला असेल, तर ते त्याच्या बाजूने लिहायला हवे.

पायरी ५: निर्णय कुठे झाला, हात कोणाचा होता

राज्यातल्या कंत्राटांसाठी महाटेंडर्स (महाराष्ट्र शासनाचे निविदा पोर्टल), केंद्रासाठी केंद्रीय सार्वजनिक खरेदी पोर्टल आणि वस्तू-सेवांसाठी जेम (सरकारी ई-बाजारपेठ). निविदा शोधून थांबू नका, निकालाच्या भागात जाऊन काम कोणाला, किती रकमेला आणि कधी मिळाले ते पाहा. कंपनीचे नाव पूर्ण टाकून काही मिळाले नाही तर अर्धे टाका, कारण ‘प्रायव्हेट’चे संक्षेप वेगवेगळे लिहिलेले असतात. संयुक्त उपक्रमाच्या नावाखाली मिळालेले काम मूळ कंपनीच्या नावाने सापडत नाही. आणि उपकंत्राट या पोर्टलांवर येतच नाही, त्यासाठी संबंधित विभागाकडे माहिती मागावी लागते.

खासदाराच्या बाबतीत संसदेच्या संकेतस्थळावर सदस्यनिहाय प्रश्न, भाषणे आणि समित्या मिळतात. विभागांशी संलग्न स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. प्रश्न वाचताना एक कसोटी लावा: उत्तराचा फायदा संपूर्ण क्षेत्राला आहे की एका प्रकल्पाला? साखरेच्या किमान विक्री दराबद्दल विचारणारा खासदार आणि एका विशिष्ट कारखान्याच्या थकीत कर्जाच्या पुनर्रचनेबद्दल विचारणारा खासदार यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

राज्यसभेत हितसंबंधांची नोंदवही आहे. नियम २९३ नुसार सदस्याने मोबदल्याचे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, नियंत्रण देणारी भागधारणा, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम अशा पाच गोष्टी नोंदवायच्या असतात. नियम २९४ नुसार, चर्चेतल्या विषयात आर्थिक हित असेल तर ते आधी सांगायचे. ‘नियंत्रण देणारी’ या शब्दांमुळे साधी भागधारणा या वहीत येत नाही. लोकसभेत अशी नोंदवही नाही. तिथे नियम ३७१ खाली एखाद्या सदस्याच्या मताला आक्षेप घेता येतो, पण ते हित थेट आणि वैयक्तिक असावे लागते. राज्याच्या धोरणाचा विषय त्यात बसत नाही. आमच्या मते हा नियम फारच अरुंद आहे: एका क्षेत्रात दोनच मोठ्या कंपन्या असतील, तर ‘धोरण’ आणि ‘वैयक्तिक’ यांतले अंतर उरते कुठे?

नगरसेवकांसाठी कायदा तुलनेने कडक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम १० खाली पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा असेल तर अपात्रता येऊ शकते. कंपनीच्या भागधारकाला त्याच कलमात काही सूट आहे, म्हणून इथे भागीदारी संस्था आधी तपासा.

पायरी ६: तारखा

मालकीच्या तारखा आणि निर्णयाच्या तारखा एकाच कालरेषेवर मांडा. निर्णयाची तारीख एक नसते: निविदा निघाल्याची, मंत्रिमंडळ निर्णयाची, राजपत्रातल्या अधिसूचनेची आणि कार्यादेशाची (काम सुरू करण्याच्या आदेशाची), चारही लिहा. गैरलाभाची शक्यता बहुधा पहिल्या अंतर्गत टिपणीपासून अधिसूचनेपर्यंतच्या काळात असते.

इथे मर्यादा मान्य करावी लागते. अमेरिकेत २०१२ च्या स्टॉक ॲक्टनुसार काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) सदस्याला १,००० डॉलरच्या वरचा शेअर व्यवहार जास्तीत जास्त ४५ दिवसांत जाहीर करावा लागतो, तोही नेमकी रक्कम न देता पट्ट्यांमध्ये, आणि उशिराचा नेहमीचा दंड २०० डॉलर आहे. भारतात लोकप्रतिनिधीने प्रत्येक व्यवहार जाहीर करावा असा नियमच नाही. केंद्रीय मंत्र्यांची ३१ मार्चची विवरणे पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावर येतात, त्यांवरून वर्षावर्षाची तुलना होते. बाकीच्यांचे दोन निवडणुकांतले पाच वर्षांचे अंतर भरता येत नाही. म्हणून ‘निर्णयाच्या आठवडाभर आधी घेतले’ असे लिहिण्यासाठी स्वतंत्र पुरावा हवा. ‘निर्णयाच्या काळात हिस्सा होता’ एवढेच बहुधा सिद्ध होते, आणि तेही कमी नाही.

वजन कसे ठरवायचे

सर्वांत वर तो मंत्री, ज्याच्या सहीने एका कंपनीला लाभ होतो आणि त्याच कंपनीत त्याचे किंवा जवळच्या कुटुंबाचे हित आहे. त्याखाली समितीवर राहून त्याच क्षेत्राची छाननी करणारा सदस्य. मग एका प्रकल्पासाठी प्रश्न किंवा पत्रे लिहिणारा. सगळ्यात खाली, सर्व क्षेत्राला लागू होणाऱ्या विधेयकावर मत देणारा. या क्रमात व्यक्ती वर सरकते ती हित लपवल्याने आणि खाली उतरते ती उघड सांगून बाजूला झाल्याने. सभागृहात हित जाहीर केले असेल, तर ते तुमच्या नोंदीत ठळकपणे यायला हवे.

पायरी ७: माहिती अधिकार

खासदार शपथ घेतल्यावर ९० दिवसांत लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७५-अ खाली मालमत्ता राज्यसभेच्या सभापतींना किंवा लोकसभेच्या अध्यक्षांना कळवतात. ती माहिती लेखी परवानगीने मिळते. हे कलम आमदारांना लागू नाही. राज्यसभेची हितसंबंधांची नोंदवही मात्र माहिती अधिकाराखाली मागता येते.

महाराष्ट्रात माहिती अधिकार अर्जाला १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. म्हणून ‘मंत्र्यांच्या हितसंबंधांची सर्व माहिती द्या’ असे मागू नका. ‘अमुक क्रमांकाच्या कार्यादेशाची प्रत, निविदा समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि नस्तीवरील टिपण्यांच्या प्रती’ अशी कागदांची नावे द्या. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करा. वैयक्तिक माहितीचे कारण देऊन नकार येण्याची शक्यता मोठी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधील सार्वजनिक हिताचा अपवाद काढून टाकण्याची तरतूद आहे. म्हणून अपिलात माहिती अधिकार कायद्याच्याच कलम ८(२) चा आधार घ्या: तिथे सार्वजनिक हित वरचढ ठरल्यास माहिती देण्याची तरतूद आहे.

सापडल्यावर काय करायचे

आधी संबंधित व्यक्तीला लेखी प्रश्न पाठवा, कागदांच्या संदर्भासह, आणि उत्तराला किमान सात दिवस द्या. बऱ्याचदा साधे स्पष्टीकरण निघते: शेअर्स वारशाने आले, कंपनी बंद आहे, काम आधीच्या सरकारने दिले होते. उत्तर आले तर पूर्ण छापा, नाही आले तर तसे लिहा.

लिहिताना ‘कागदपत्रांनुसार अमुक तारखेला हिस्सा होता’ असे वाक्य ठेवा. हेतूबद्दल लिहू नका. पत्ते, खाते क्रमांक, कुटुंबातल्या लहान मुलांची नावे झाका. बदनामीच्या दाव्यात उपयोगी पडतो तो तक्त्यातला पान क्रमांकाचा रकाना.

तक्रार करायची तर जागा नीट निवडा. प्रतिज्ञापत्रातली खोटी किंवा लपवलेली माहिती लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. निवडणूकच रद्द व्हावी असे वाटत असेल, तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते, आणि ती फक्त उमेदवार किंवा मतदार करू शकतो. एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रत्येक लहानसहान जंगम वस्तू न सांगणे हा दोष ठरत नाही, मूल्य लक्षणीय असावे लागते. किरकोळ शेअर्सवर याचिका उभी करू नका. अप्रसिद्ध माहितीवर शेअर्सचा व्यवहार झाल्याचा ठोस धागा असेल, तर ती बाब सेबीची (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची): आतली माहिती ज्याच्याजवळ आहे तो सेबीच्या २०१५ च्या नियमांखाली ‘इनसायडर’ ठरतो, मग तो कंपनीचा अधिकारी असो वा लोकप्रतिनिधी. तक्रारीसोबत कालरेषा, भागधारणेचे तक्ते आणि निर्णयाच्या प्रती जोडा. मूळ कागद स्वतःकडे ठेवा आणि उतरवलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात ती कोणत्या दिवशी उतरवली ते लिहा, कारण संकेतस्थळावरची प्रत नंतर बदलू शकते किंवा नाहीशीही होऊ शकते.